पॅराट्रूपर लढाई जिंकून देतात, की नुसता धुरळा?

टिळकवाडीकर:
व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर भरतीसाठी पळणाऱ्या पोरांना परवा विचारलं, फौजेत कुठं जायचं? सगळ्यांचं एकच उत्तर, पॅरा, म्हणजे विमानातून छत्रीनं उडी मारणारी पलटण. त्यांची ती मरून रंगाची टोपी पाहिजे. पोरांचं कौतुकच आहे, पण शत्रूच्या मुलखात आकाशातून माणसं उतरवून मोठं युद्ध जिंकल्याचा दाखला मला सापडत नाही.

ग्रीसचं क्रीट बघा. २० मे १९४१ ला जर्मनांनी अख्खं बेट हवेतून घ्यायला काढलं. उडी मारणाऱ्या बहुतेकांकडं पिस्तूल आणि हातबॉम्ब एवढंच. रायफली वेगळ्या पेटीत, वेगळ्या छत्रीनं. जमिनीला पाय लागले की आधी पेटी शोधत पळायचं, आणि तोवर ऑलिव्हच्या झाडांमागून गोळ्या सुरू. बेट मिळालं, पण माणसं एवढी गेली की हिटलरनं पुन्हा तसली मोठी हवाई मोहीम काढली नाही. सप्टेंबर १९४४ ला हॉलंडमधल्या अर्नेममध्ये ब्रिटिशांना पुलापासून दहा-बारा किलोमीटर लांब उतरवलं, त्यात वायरलेसही धड चालेना. सुमारे १०,००० गेले, नदी ओलांडून परत आले अडीच हजारांच्या आत.

कॅम्पातला:
मराठा लाइट इन्फन्ट्रीचं सेंटर असलेल्या बेळगावात राहून टांगाइल विसरलात? कमाल आहे ओ तुमची!

११ डिसेंबर १९७१ ला दुपार कलताना २ पॅरा ही पलटण टांगाइलजवळ उतरली. मैमनसिंगकडून ढाक्याला मागं सरकणाऱ्या पाकिस्तानी ९३ ब्रिगेडची वाट तोडायची होती, त्यासाठी पूंगलीचा पूल हवा होता. गावकऱ्यांनी दारूगोळा उचलायला मदत केली, रात्र पडायच्या सुमारास पूल हातात. रात्रभर पाकिस्तानी तुकड्या येऊन धडकत राहिल्या, पूल सुटला नाही. आणि ही २ पॅरा म्हणजे मूळची ३ मराठा, आपलीच. १६ डिसेंबरला ढाका पडलं. आता सांगा धुरळा म्हणून.

टिळकवाडीकर:
विसरलो नाही, मी मुद्दाम थांबलो होतो. पूंगलीला जमिनीवरून येऊन त्यांना कोण मिळालं? १ मराठा, जंगी पलटण. जमालपूरला लढून मग खाली आली ती. ती वेळेत आली म्हणून टांगाइल झालं, नाहीतर त्याचंही अर्नेम झालं असतं. आणि त्या जमालपूरचं नाव आपल्याकडं किती जणांना ठाऊक आहे?

निपाणीचा:
दोघेही पलटणी मोजत बसलाय. टांगाइलची खरी करामत दुसरीच. उतरले सुमारे ७००, बाहेर बातमी गेली ५,००० ची! वर्तमानपत्रांना जो फोटो दिला तो जुना, आग्र्याच्या सरावाचा, अख्ख्या ब्रिगेडच्या उडीचा. ढाक्यात बसलेल्या सेनापतींच्या छातीत धडकी भरायला एवढं पुरे. पूल हा त्यातला छोटा भाग.

कॅम्पातला:
@निपाणीचा, फोटोनं रात्रभर पूल धरत नसतात ओ.

खानापूरची:
टिळकवाडीकरांनी उदाहरणं सोयीची निवडलीत. लहान कामाला माणसं उतरवली तेव्हा काय झालं तेही बघा की. ६ जून १९४४, नॉर्मंडी. मध्यरात्र उलटल्यावर तीन ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाची विमानं, फ्रान्समधल्या कां शहराच्या कालव्यावरच्या पुलाशी येऊन आदळली, पहिलं तर पुलापासून ५० मीटरच्या आत. दहा-पंधरा मिनिटांत पूल ताब्यात. बेल्जियमच्या एबेन-एमाएल किल्ल्यावर तर १० मे १९४० ला जर्मनांची शंभराच्या आतच माणसं थेट छतावर उतरली होती, आणि किल्ल्यात शेकड्यांनी शिबंदी. एकच जागा, महिनोन्‌महिने सराव आणि मागून येणारी फौज जवळ, एवढं असलं की जमतं. अख्खं बेट गिळायला निघालं की घशात अडकतं. मग ‘पॅरा हवेत की नकोत’ ही भांडणाची मांडणीच चुकीची.

टिळकवाडीकर:
पटतंय थोडं. पण तुमच्या दोन्ही उदाहरणांत शत्रू गाफील होता. आता उपग्रह आहेत, ड्रोन आहेत, खांद्यावरून सोडायची क्षेपणास्त्रं आहेत. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियानं कीव्हजवळच्या होस्टोमेल विमानतळावर हेलिकॉप्टरनं निवडक जवान उतरवले. त्यांनी धावपट्टी घेतली, पण युक्रेनी तोफांनी ती उतरण्याजोगी ठेवलीच नाही, मागून मोठी विमानं येऊ शकली नाहीत. दुसऱ्या दिवशी रणगाडे आले, विमानतळ मिळाला, पण कीव्ह काही मिळालं नाही.

खानापूरची:
म्हणजे चूक वेळापत्रकाची. जवानांच्या माथ्यावर का मारता?

कॅम्पातला:
आणि १९८८ चं मालदीव? ३ नोव्हेंबरच्या रात्री आग्र्याहून निघालेली ६ पॅरा थेट तिथल्या हुलुले विमानतळाच्या धावपट्टीवर विमानानं उतरली, छत्री उघडायची वेळच आली नाही. बंड मोडलं. तिथं पायदळ चालत नेणार होता का, समुद्रावरून?

टिळकवाडीकर:
मालदीवला समोर भाडोत्री टोळी होती, फौज नव्हे. आणि धावपट्टी मोकळी होती. ती अडवलेली असती तर ६ पॅरानं काय केलं असतं, तेवढं सांगा, मग पुढं बोलू.