छायाचित्र काढले म्हणजे माकड वाचले का?

उलटतपासणी:

परवा या मंचावर एका सभासदाने पर्वतीय गोरिलाचे अगदी जवळून घेतलेले छायाचित्र टाकले आणि त्याखाली लिहिले, "दुर्मीळ नरवानरांचे प्रत्येक चांगले छायाचित्र म्हणजे त्यांच्या रक्षणाला लावलेला हातभार." (नरवानर म्हणजे माकडे, कपी, लेमूर वगैरेंचा सारा गट.) वाहवा भरपूर झाली, म्हणून हे सविस्तर उत्तर. छायाचित्राच्या तपशिलात ७० मिमी लेन्स दिसते. फुल-फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर त्या लेन्सने सात मीटरांवरून साडेतीन मीटर रुंदीचे दृश्य चौकटीत येते. येथे मात्र भुवईपासून ओठापर्यंतच चौकट भरली आहे, म्हणजे कॅमेरा त्याहून बराच जवळ होता. माणसाचे आजार लागू नयेत म्हणून गोरिलापासून सात मीटर लांब राहण्याचा नियम अनेक वर्षे होता आणि कोविडनंतर तो दहा मीटरांचा झाला, हे गोरिला पाहायला जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितले जाते. पर्यटकांनी २०१३ ते २०१९ या काळात इन्स्टाग्रामवर टाकलेल्या गोरिलाभेटीच्या ८५८ छायाचित्रांचा अभ्यास झाला आहे आणि त्यांतील ८६ टक्के छायाचित्रांत माणूस चार मीटरांच्या आत होता. आयव्हरी कोस्टमधील ताई नावाच्या जंगलात चिंपांझी श्वसनविकाराने मेले, तेव्हा त्यांच्या शरीरात माणसाला पडसे-खोकला आणणारेच विषाणू सापडले. अशा वेळी हातभार नेमका कोणाला लागतो?

रानवाटाड्या:

ते छायाचित्र माझे आहे, तेव्हा उत्तरही मीच देतो. चित्र कापून मोठे केले आहे, हे आपल्या गणिताने लक्षात घेतलेले नाही. शिवाय तो नर बांबूंतून स्वतःहून आमच्या दिशेने आला; मागे उतार होता, वाटाड्या हातानेच थांबण्याची खूण करत होता आणि अशा वेळी पळू नये हाही नियमच आहे. आता मूळ मुद्दा. रवांडा, युगांडा आणि काँगोच्या सीमेवरील विरुंगाच्या डोंगरांत १९८१ च्या गणनेत २५४ गोरिला होते, २०१५-१६ मध्ये ६०४ भरले. २०१८ मध्ये या उपजातीची नोंद 'अतिसंकटग्रस्त' वर्गातून 'संकटग्रस्त' वर्गात आली. मोठ्या कपींमध्ये (गोरिला, चिंपांझी, ओरांगउटान वगैरे) ज्यांची संख्या वाढते आहे असे उदाहरण जवळजवळ हे एकच, आणि सर्वांत जास्त छायाचित्रे निघतात तीही त्यांचीच. रवांडात एका तासाच्या भेटीसाठी १५०० डॉलर मोजावे लागतात आणि उद्यानांच्या उत्पन्नातील दहावा हिस्सा आसपासच्या गावांकडे जातो. हे पैसे घरबसल्या उलटतपासणी करणाऱ्यांकडून येत नाहीत.

मौनी:

मला दोघांचेही पूर्ण पटत नाही. गोरिला वाचले ते पहारेकऱ्यांमुळे, फास काढणाऱ्या गस्तीमुळे आणि जखमी प्राण्यांवर जंगलातच उपचार करणाऱ्या पशुवैद्यांमुळे. तरीही चित्राचे काही चालतच नाही, असे कोणी म्हणू नये. २००७ मध्ये विरुंगात सेंक्वेक्वे नावाचा सिल्व्हरबॅक (रुपेरी पाठीचा प्रौढ नर) गोळ्या घालून मारला गेला. त्याचे धूड फांद्यांना बांधून गर्दी वाहून नेत आहे, हे छायाचित्रकार ब्रेंट स्टर्टन यांचे चित्र जगभर गेले आणि त्यामागचा, जंगल तोडून चालणारा कोळशाचा बेकायदा व्यापार चर्चेत आला. त्या चित्रात प्राणी गोंडस नव्हता, मेलेला होता. वाहवा मिळवणारी चित्रे आणि काही घडवणारी चित्रे बहुधा निराळी असतात, एवढेच म्हणायचे आहे.

शेपटीवाला:

पुन्हा गोरिला! नरवानरांच्या पाचशेहून अधिक जाती आहेत, त्यांपैकी सुमारे ६० टक्के धोक्यात आहेत आणि चर्चा कायम त्याच एका काळ्या चेहऱ्याची. तांबड्या कोलोबस माकडांचा गट आफ्रिकेतील माकडांमध्ये सर्वाधिक संकटात आहे. त्यांतील मिस वॉल्ड्रनचा कोलोबस १९७८ नंतर कोणा शास्त्रज्ञाला जिवंत दिसल्याची खात्रीची नोंद नाही. मी कोलोबसची चित्रे टाकली तेव्हा येथे तीन जणांनी पाहिली आणि एकाने विचारले, "हे आजारी आहे का?" ज्यांची दाद 'डोळे किती माणसासारखे आहेत' या वाक्याच्या पुढे जात नाही, त्यांनी विविधतेविषयी बोलू नये.

तिसरी घंटा:

शेपटीवाले साहेब, आपली तक्रार रास्त असली तरी प्रत्येक धाग्यावर ती सारख्याच शब्दांत येते. मला दुसरेच विचारायचे आहे. चित्रातला प्राणी तेथे आला कसा, हे कोणी सांगत का नाही? चीनमधील चिनलिंगच्या डोंगरांतील सोनेरी माकडांच्या चित्राला २०१८ मध्ये वन्यजीव छायाचित्रणाचा मोठा जागतिक सन्मान मिळाला. चित्र देखणेच आहे, वाद नाही. परंतु त्या डोंगरांतील अभ्यासाखालच्या काही कळपांना संशोधक नियमित खाद्य घालतात, ही गोष्ट चित्र पाहणाऱ्यांपैकी कितींना ठाऊक असते? जिगोकुदानीच्या गरम कुंडातील जपानी माकडांचेही तेच, उद्यानाचे कर्मचारी त्यांना धान्य टाकतात. खाऊ घालून बोलावलेल्या प्राण्याला 'रानातला' म्हणणे मला खटकते.

रानवाटाड्या:

म्हणजे आता चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडाल यांनाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणार का? त्यांच्या अभ्यासाच्या ठिकाणी, टांझानियातील गॉम्बेत, १९६० च्या दशकात चिंपांझी तळावर येऊ लागले ते केळ्यांमुळे. केळी नसती तर छायाचित्रकार ह्यूगो व्हॅन लाविक यांना ती जवळची चित्रे मिळाली नसती आणि ती चित्रे नसती तर गॉम्बेकडे जगाचे लक्ष इतके वेधले गेले असते का, याचा विचार करावा.

तिसरी घंटा:

उदाहरण आपणच दिलेत, आता ते पुरते ऐका. त्याच केळ्यांभोवती चिंपांझींची गर्दी आणि मारामाऱ्या वाढल्या, म्हणून पुढे खाद्य घालणे आवरते घ्यावे लागले. केळ्यांनी त्यांचे वागणे किती बदलले, हा वाद अभ्यासकांत अनेक वर्षे चालला. संशोधकाने खाद्य घातले तर निदान वहीत नोंद होते, छायाचित्रकाराने घातले तर कोठे होते? मी स्वतः एका ठिकाणी पाहिले आहे: वाटाड्याने खिशातून शेंगदाणे काढले, मॅकाक माकडे झाडावरून उतरली, सर्वांनी मनसोक्त चित्रे काढली आणि रात्री त्याच चित्रांखाली 'संयमाचे फळ' असे लिहिले गेले. संयम माकडांनी दाखवला होता.

रानवाटाड्या:

एका शेंगदाण्यावरून सगळ्या छायाचित्रकारांना चोर ठरवू नका. मी कधीही खाद्य टाकलेले नाही आणि हा आरोप मी वैयक्तिक समजतो.

तिसरी घंटा:

आपले नाव मी घेतलेले नाही. ज्याला लागले त्याने लावून घेतले.

निशाचर:

भांडण चालू द्या, तोवर रात्रीच्या प्राण्यांचेही थोडे ऐका. टार्सियर या चिमुकल्या निशाचर नरवानराचा एकेक डोळा त्याच्या मेंदूएवढा असतो आणि लोक त्या डोळ्यांवर फ्लॅश मारतात. त्याहून वाईट प्रकार स्लो लोरिस या मंदगती निशाचर नरवानराचा. २००९ च्या सुमारास हात वर करून गुदगुल्या घेणाऱ्या लोरिसची चित्रफीत जगभर फिरली. ते हात आनंदाने वर गेलेले नव्हते. दंडाजवळच्या ग्रंथींतील विषारी स्राव चावण्याआधी तोंडापर्यंत आणण्याचा तो बचावाचा पवित्रा आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या लोरिसचे दात बहुधा आधीच कापलेले असतात. त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार २००७ पासून बंद असूनही त्या चित्रफितीखाली "मला असा एक हवा" हे वाक्य भाषा बदलून येतच राहिले. रानवाटाड्या यांचे 'प्रत्येक चांगले छायाचित्र' हे विधान येथेच कोसळते.

उलटतपासणी:

निशाचरांना दुजोरा देतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना चिंपांझीची चित्रे दाखवली गेली. ज्यांच्या चित्रात शेजारी माणूस उभा होता, त्यांनी रानातले चिंपांझी सुस्थितीत आहेत असे म्हणण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांहून अधिकने वाढले. चित्र तेच, प्राणी तोच, शेजारी माणूस आला की धोका दिसेनासा होतो. म्हणूनच आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या नरवानर तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये अशा चित्रांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या वाचण्याचे कष्ट येथे किती जणांनी घेतले?

मौनी:

मी वाचल्या आहेत. त्यांचा रोख मुख्यतः माणूस आणि प्राणी एकत्र दिसणाऱ्या चित्रांवर आहे, नुसत्या व्यक्तिचित्रावर नाही. उलटतपासणी यांनी दोन्हींची सरमिसळ केली आहे. रानवाटाड्या यांच्या चित्रात माणूस नाही.

उलटतपासणी:

चौकटीत नाही, हे मान्य. चौकटीबाहेर किती अंतरावर होता, हाच तर माझा प्रश्न होता.

शेपटीवाला:

आणि मादागास्करचे लेमूर? २०२० च्या यादीत १०७ पैकी १०३ जाती धोक्यात. त्यांच्यासाठी एवढी भांडणे होत नाहीत, कारण ते १५०० डॉलरचे नाहीत.

रानवाटाड्या:

शेपटीवाले यांचे हे वाक्य मला मनापासून पटले, आणि या धाग्यावर दुसरे पटण्यासारखे फारसे काही नाही. असो. 'प्रत्येक' हा शब्द काढून तेथे 'काही' घालतो. वाहवा देणाऱ्यांना फरक कळणार नाही, पण उलटतपासणी यांना झोप लागेल. यापुढे चित्राखाली अंतर, लेन्स आणि खाद्य घातले होते की नाही, हे तिन्ही लिहीन. शपथपत्रही जोडावे का, ते कळवावे.

उलटतपासणी:

शपथपत्र नको आणि लेन्सही चित्राच्या तपशिलात दिसतेच. मास्क लावला होता का, तेवढे मात्र लिहा, कारण ते कोणत्याही तपशिलात दिसत नाही.