गावठाणाबाहेरचा १९५७ चा बैठा बंगला: याचं ऐतिहासिक महत्त्व ठरवायचं कसं?

परभणीची_लेक

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलाय, पण सगळे कागद समोर घेऊन बसलेय, म्हणून नीट सांगते.

परभणीत माझ्या वडिलांनी बांधलेलं घर आहे. बैठं. काळ्या दगडाचं जोतं, पुढे या टोकापासून त्या टोकापर्यंत व्हरांडा, मध्ये बैठक, दोन्ही हातांना खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि अंगण. गावातला वाडा चुलत्यांकडे राहिला आणि वडील गावठाणाबाहेर आले, जिथे तेव्हा ज्वारी उभी असायची. आता चारी बाजूंनी तीन-तीन मजले चढलेत. भाऊ दोघेही पुण्यात. घर विकायचं ठरतंय, आणि घेणारा ते पाडणार हे उघड आहे.

विकायला माझी हरकत नाही. मी सत्तरीला आले, मला एकटीला ते झेपत नाही. पण एकदा कुणीतरी जाणत्या नजरेनं ते बघावं, यात काय होतं ते लिहून ठेवावं, एवढं मनापासून वाटतं. धाकटा भाऊ म्हणतो, “वाडा असता तर गोष्ट वेगळी होती. स्लॅबच्या घरात काय बघायचं?” आर्किटेक्चर शिकणारी भाची मात्र म्हणाली की अमेरिकेत महायुद्धानंतरच्या साध्या बैठ्या घरांचंही, रँच हाउस म्हणतात त्यांचंही, ऐतिहासिक महत्त्व रीतसर तपासतात. त्याच्या कसोट्या ठरलेल्या आहेत म्हणे. त्या आपल्याकडे लावता येतील का?

माझ्याकडे काय आहे ते सांगते. बांधकामाच्या परवानगीचा अर्ज १९५६ च्या उन्हाळ्यातला, हैदराबाद राज्याच्या नावे केलेला. परवानगी आली ती १९५७ मध्ये, मुंबई राज्याची. मधल्या १ नोव्हेंबरला मराठवाडा एका राज्यातून दुसऱ्यात गेला आणि आमचा अर्ज बहुधा तसाच फायलीत बसून इकडे आला. सिमेंटचं परमिट आहे. वडिलांची खर्चाची वही आहे. तिच्या पहिल्या पानांवर जुन्या देण्याघेण्याचे हिशेब ‘हाली’त, म्हणजे निजामी रुपयांत, लिहून शेजारी ‘कलदार’, म्हणजे भारताचे रुपये, काढलेत, ७ हालीला ६ कलदार या दरानं.

आणि खिडक्या. गावातल्या वाड्याला रस्त्याच्या अंगाला एकही खिडकी नव्हती, फक्त दिंडीदरवाजा. रझाकारांच्या दिवसांत आजोबांनी बायकामुलांना वाशिमकडे नातेवाइकांत पाठवलं होतं. वडील तेव्हा विशीत होते. त्यांनी स्वतःचं घर बांधलं तेव्हा रस्त्याकडे तीन मोठ्या खिडक्या काढल्या. गवंडी म्हणाला, मालक, एवढ्या कशाला, धूळ येईल. वडील म्हणाले, येऊ दे. ही गोष्ट आई आम्हाला शंभरदा सांगायची.

---

नांदेड_ते_अटलांटा

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी मूळचा नांदेडचा, जॉर्जियात अशाच घरांच्या पाहणीचं काम बरीच वर्षं केलंय. भाची बरोबर सांगते.

रँच घर म्हणजे लांबट, बैठं, उतरत्या छपराचं घर. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियात क्लिफ मे या घरं आखणाऱ्या माणसानं तिथल्या जुन्या स्पॅनिश-मेक्सिकन बैठ्या घरांवरून ते नव्यानं मांडलं. युद्ध संपल्यावर सैनिक परतले, १९४४ च्या जीआय बिलामुळे, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या कायद्यामुळे, त्यांना घरासाठी कर्ज मिळू लागलं, घरकर्जाला एफएचए या सरकारी संस्थेची हमी आधीपासून होतीच, आणि शहराबाहेरच्या शेतजमिनींवर अशी घरं लाखोंनी उठली. लाखोंनी असल्यामुळेच प्रश्न येतो: यातलं महत्त्वाचं कोणतं?

तिथे १९६६ च्या कायद्यापासून ऐतिहासिक वास्तूंची राष्ट्रीय नोंदवही आहे. साधारण ५० वर्षं झाल्याशिवाय वास्तूचा विचार होत नाही, पण ५० झाली म्हणून कुणी आपोआप आत घेत नाही. एखादी घटना किंवा इतिहासाचा मोठा प्रवाह त्या घरातून दिसतो का, कुणा महत्त्वाच्या व्यक्तीचं तिथे खरं काम झालं का, रचना-कारागिरीचा तो चांगला नमुना आहे का, आणि त्यातून पुढे काही नवी माहिती मिळेल का, यातलं निदान एक तरी सिद्ध करावं लागतं. मग दुसरी पायरी, अस्सलपणा. जागा तीच का, आखणी तीच का, आजूबाजूचा परिसर, साहित्य, कारागिरी, तिथे उभं राहिल्यावर जाणवणारा तो काळ, आणि त्या इतिहासाशी थेट नातं. सातच्या सात शाबूत लागत नाहीत. ज्या कारणासाठी घर महत्त्वाचं म्हणताय, ते कारण ज्या भागांतून दिसतं ते भाग शाबूत लागतात. तुमच्या बाबतीत मी पहिला प्रश्न विचारीन तो हा: त्या तीन खिडक्या मूळच्या आहेत का?

रँच घरानं केलं ते नेमकं उलटं. जुन्या अमेरिकन घराचा पुढचा पोर्च त्यानं आखडला, बसणं-उठणं मागच्या अंगणात नेलं. तुमच्या वडिलांनी घराचं तोंड रस्त्याकडे उघडलं. बांधकाम एका दशकातलं, दोन्ही गावाबाहेरच्या शेतात, पण लोकांना हवं होतं ते वेगळं. म्हणून कसोटी घ्या, उत्तर त्यांचं घेऊ नका.

दोन कामं सांगतो. एक, एकट्या घराकडे बघू नका. साध्या घराचं महत्त्व बहुधा त्याच्या ओळीत असतं. कोलोरॅडोत एंगलवुडला अरापाहो एकर्स म्हणून वसाहत आहे, १९४९ ते १९५७ मधली. १९९८ मध्ये ती वसाहत म्हणूनच नोंदवहीत गेली. तुमच्या गल्लीतून वही घेऊन चाला आणि त्या दहा वर्षांतली किती घरं उरलीत ते मोजा.

दुसरं काम जड आहे. अमेरिकेतली ही उपनगरं सगळ्यांसाठी नव्हती. करारातच लिहिलेलं असायचं की घर काळ्या कुटुंबाला विकायचं नाही. १९४८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की न्यायालयं अशी कलमं राबवू शकत नाहीत, तरी पुढे कितीतरी वर्षं व्यवहार तसाच चालला. घराचं महत्त्व लिहिताना आम्ही हेही लिहितो. तुमची जमीन कुणाकडून आली, घरात कोण कुठपर्यंत येऊ शकत होतं, हे बघा. आवडत्या घराविषयी हे विचारणं सोपं नसतं, मला ठाऊक आहे.

---

निवृत्त_ओव्हरसियर

ताई, मी लातूरचा. बांधकाम खात्यात हयात गेली. वरच्यांनी लई चांगलं सांगितलंय, मी फक्त मालाचं बोलतो.

स्लॅबमध्ये काय बघायचं म्हणणाऱ्या भावाला माझ्याकडं पाठवा. त्या काळी सिमेंट बाजारात जाऊन उचलायची सोय नव्हती. युद्धापासून कंट्रोल होता; मधला थोडा काळ सोडला तर तो १९८२ ला काही सुटला, उरलेला १९८९ ला गेला. परमिटवर जेवढी पोती तेवढंच काम. त्यामुळं लोक पुढच्या खोलीवर स्लॅब टाकायचे आणि मागं धाबं, म्हणजे लाकडी तुळयांवरचं मातीचं माळवद. परमिटवर पोती किती ते बघा आणि मग छत मोजा. दोन्ही जुळलं तर घराचा नकाशा त्या कागदानं आखलाय असं समजा.

व्हरांड्याच्या छताला खालून गिलावा नसेल तर दिवा तिरका धरून बघा. सेंट्रिंगच्या फळ्यांचे वळ दिसतील. लोखंडी प्लेटा नव्हत्या तेव्हा; फळ्या लावायचे, त्यांच्या गाठीसुद्धा सिमेंटात उमटायच्या. कुठं सळई उघडी पडली असेल तर ती गुळगुळीत आहे का बघा. पीळदार सळई नंतरची.

मागच्या धाब्याचं सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी कामावर होतो. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर हातभर माती, त्याखाली माणसं गेली. जे बघितलं ते लिहीत नाही. त्यानंतर आमच्या भागात लोकांनी माळवदं उतरवून पत्रे टाकले, आणि बरोबरच केलं. पण त्यामुळं पुढं स्लॅब, मागं तुळया-किलचनाचं (तुळयांवर आडव्या लाकडी फळ्यांचं) धाबं, असं एकाच घरात दोन्ही शिल्लक असलेलं माझ्या बघण्यात आता फार थोडं आहे. ते पाडायच्या आधी मोजून घ्या. आणि धाब्याखाली झोपू नका, ताई. मागच्या खोलीत कुणी झोपत असेल तर आजच खाट पुढं आणा.

---

परभणीची_लेक

चार दिवसांनी लिहितेय. तुम्ही सांगितलं ते केलं.

परमिटवर ६० पोती आहेत. स्लॅब फक्त व्हरांडा आणि बैठक. मागच्या तीन खोल्या धाब्याच्या, वर पंचाण्णव साली भावानं पत्रे टाकले, पण खाली तुळया आणि किलचन तसंच आहे. सत्तर वर्षांची झाले, त्या घरात जन्म गेला, आणि पुढच्या-मागच्या छताची उंची वेगळी का, हे मला आज कळलं.

रात्री मोबाइलचा दिवा तिरका धरला. वळ दिसले. बैठकीच्या दाराच्या अगदी वर एका फळीची गाठ उमटलीय, डोळ्यासारखी, भोवती रेघा. हात पुरला नाही म्हणून स्टुलावर चढून बोट फिरवलं.

वहीत आणखी एक सापडलं. एप्रिल १९५७ पर्यंत वडील आणे-पै लिहितात, आणि मग एका पानावर ‘न. पै.’ सुरू होतं. नये पैसे त्याच महिन्यात आले. त्या पानावर गवंड्याची मजुरी आहे आणि स्लॅबच्या दिवशी वाटलेला गूळ. म्हणजे स्लॅब कधी पडला ते साल-महिन्यासकट कळलं.

खिडक्या: दोन मूळच्या आहेत, सागवानी चौकट, उभे लोखंडी गज, आतल्या बाजूला अडसर. तिसऱ्या जागी १९८८ ला ॲल्युमिनियमची सरकती बसवली. ती मीच बसवून घेतली होती. तेव्हा छान वाटली.

गल्लीत त्या वेळची अकरा घरं होती असं मला आठवतं. आज चार उभी आहेत, आणि व्हरांडा उघडा असलेलं आमचं एकट्याचं. बाकी तिघांनी जाळी लावून खोली केलीय.

आता ते जड काम. खरेदीखत उर्दूत आहे. माझ्याबरोबर नोकरीत असलेल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी वाचून दिलं. जमीन १९५१ मध्ये घेतलेली, विकणारं कुटुंब त्याच साली हैदराबादेला गेलं. भाव किती दिला ते लिहिलंय. तो योग्य होता की घाई असलेल्या माणसाला दिलेला होता, हे खतात नाही. मी ते जसंच्या तसं लिहून ठेवतेय.

आणि अंगणाच्या मागच्या भिंतीत, जमिनीलगत, दीड फुटाचं लोखंडी दार आहे. मागे अरुंद बोळ आहे, आता तिथे गटार आहे. लहानपणी संडास टोपलीचा होता. जी बाई साफ करायला यायची ती त्या बोळातून यायची, ते दार बाहेरून उघडायची, टोपली ओढून घ्यायची. आमच्या व्हरांड्यात मी तिला कधी पाहिलं नाही. तिचं नाव मला माहीत नाही. पहिल्या पोस्टमध्ये मी घराचं सगळं वर्णन केलं, तीन खिडक्यांचं कौतुक केलं, आणि हे दार मोजलंच नव्हतं. वडिलांनीच दोन्ही काढून घेतलं होतं, खिडक्याही आणि हे दारही. वहीत त्या दाराचेही पैसे लिहिलेत. सव्वाचार रुपये.

---

चुना_आणि_वीट

ताई, मी संभाजीनगरला जुन्या इमारतींचं काम करते. कायद्याचं थोडक्यात सांगते. प्राचीन स्मारकांच्या केंद्राच्या १९५८ च्या कायद्याला किमान १०० वर्षं लागतात, तिथे तुमचं घर बसत नाही. पण शहरांच्या वारसा याद्यांचं गणित निराळं असतं. मुंबईची नियमावली १९९५ ची, तिच्या श्रेणी ३ मध्ये एखाद्या भागाच्या वळणाला आकार देणारी, तिथल्या लोकांची राहणी दाखवणारी घरंही येतात. तुमचं घर मला त्या भाषेतलं वाटतं. तरी वयाचा अडसर आपल्याकडे मोठा आहे. दिल्लीत प्रगती मैदानावरचा १९७२ चा हॉल ऑफ नेशन्स २०१७ मध्ये पाडला, तेव्हा ६० वर्षं झाली नाहीत हेच कारण पुढे आलं. जगभरच्या जाणकारांनी विनंत्या केल्या होत्या. एवढी नावाजलेली वास्तू गेली तिथे तुमच्या बंगल्याला यादीचा आधार मिळेल असं आश्वासन मी देणार नाही.

पण तुम्ही विचारलं होतं महत्त्व ठरवायचं कसं, आणि तुमच्या दुसऱ्या पोस्टमध्ये ते काम जवळजवळ झालंय. मी लिहीन ते असं: १९४८ ला निजामाची राजवट संपल्यावर गावठाणाबाहेर आलेल्या पहिल्या पिढीचं घर, सिमेंटच्या टंचाईनं अर्धं नवं अर्धं जुनं राहिलेलं, पुढे रस्त्याला उघडं, मागे जातीची बोळ जपणारं, कागदपत्रांसकट. अशा कागदांसह उभं असलेलं घर मी माझ्या कामात दोनदाच पाहिलंय. एक खिडकी बदलली तिचं वाईट वाटून घेऊ नका, बदल केल्याचं साल लिहा. तेही घराच्या नोंदीत येतं.

आता मोजमाप. आराखडा, मधून उभा छेद म्हणजे स्लॅब आणि धाब्याच्या उंचीतला फरक दिसेल, दोन्ही खिडक्यांचे तपशील, त्या लोखंडी दाराचा तपशील. फोटो सकाळच्या उन्हात. वही आणि खत स्कॅन करा, मूळ कागद गुंडाळी करून ठेवू नका, सपाट ठेवा.

---

परभणीची_लेक

भावांशी बोलले. दोन महिने थांबायला तयार झालेत. धाकट्याला मी छतावरच्या त्या गाठीचा फोटो पाठवला होता. त्यानं रात्री फोन केला आणि स्लॅबच्या दिवशी गूळ कुणाकुणाला वाटला तेवढंच विचारत राहिला.

भाची दोन मैत्रिणींना घेऊन येत्या शनिवारी येतेय, मोजायला. ओव्हरसियर काका, तुम्ही लातूरहून सकाळच्या गाडीनं आलात तर मागच्या तुळया त्यांना नीट दाखवता येतील. जेवण आमच्याकडे. बोळ मोजायची तर आधी गटारावरची फरशी उचलावी लागेल, त्याला दोन माणसं सांगून ठेवलीत. आणि त्या सफाई करणाऱ्या बाईंची वस्ती स्टेशनच्या पलीकडे होती असं शेजारच्या आजी म्हणाल्या. उद्या त्यांना रिक्षात घालून तिकडे जातेय, नाव कळतंय का बघायला.