मदत हवी आहे: मारियाडीबीचं पॅकेज कॉन्फिगर होत नाही, रिइन्स्टॉल करूनही फाइल परत येत नाही

ग्रंथपाल_तालुका:
नमस्कार मंडळी. कॉलेजच्या लायब्ररीत कोहा (ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर) चालतं. डेबियन १२ (लिनक्स), डेटाबेससाठी मारियाडीबी १०.११. आधीच्या ऑपरेटरने जाण्यापूर्वी 'साफसफाई' म्हणून ईटीसीमधलं (सेटिंगच्या फाइलींची जागा) मायएसक्यूएल नावाचं अख्खं फोल्डर उडवलं होतं. सर्व्हर बंद केला नव्हता म्हणून तेव्हा कुणाला कळलं नाही. काल सिक्युरिटी अपडेट आलं आणि मारियाडीबी-कॉमन हे पॅकेज अडकलं. अपडेट-अल्टरनेटिव्हज ही कमांड म्हणते, मारियाडीबी.सीएनएफ हा पाथच नाही. मग पोस्ट-इन्स्टॉलेशन स्क्रिप्ट, एक्झिट स्टेटस २. त्याखाली मारियाडीबी-सर्व्हर आणि आणखी पाचसहा पॅकेजं 'डिपेन्डन्सी प्रॉब्लेम्स' म्हणून लटकलेली.

रिमूव्ह करून परत इन्स्टॉल केलं, रिइन्स्टॉलही केलं. तीच एरर. पॅकेजमध्ये ती फाइल आहे, मग डिस्कवर का येत नाही? साठा पडताळणी तोंडावर आहे, प्राचार्य रोज विचारतात.

(मोबाइलवर मराठी कीबोर्ड आहे, सगळं देवनागरीत लिहितोय, सांभाळून घ्या.)

रूट_भाऊ:
सरळ पर्ज मारा (सेटिंगसकट काढा) आणि नव्याने टाका. पाच मिनिटांचं काम.

जुनाट_टर्मिनल:
भाऊ, जरा दमानं. मारियाडीबी-सर्व्हर पर्ज करताना 'डेटाबेसही काढू का' असं विचारतं. घाईत तिथे 'हो' दाबलं तर लायब्ररीचा सगळा कॅटलॉग गेला.

सर, एरर कितीही लांब दिसली तरी पहिलीच खरी. बाकीची पॅकेजं कॉमनच्या मागे रांगेत उभी आहेत, त्यांच्यात बिघाड नाही.

फाइल न येण्याचं कारण असं: ईटीसीमधल्या अशा सेटिंगच्या फाइलींची डीपीकेजी (डेबियनचं पॅकेज बसवणारं टूल) वेगळी नोंद ठेवतं. नोंद आहे पण फाइल नाही, म्हणजे मालकाने ती मुद्दाम काढली, असं ते धरतं आणि परत ठेवत नाही. नुसत्या रिमूव्हने ही नोंद पुसली जात नाही, म्हणून तुमचं काढणं-घालणं वाया गेलं. मला विचाराल तर हा नियम योग्यच आहे, फक्त एरर वाचून त्याचा पत्ता लागत नाही.

आधी डेटा. सर्व्हिस चालू असेल तर थांबवा. व्हीएआर/एलआयबी/मायएसक्यूएल या डेटाच्या फोल्डरची सीपी -ए ने दुसऱ्या डिस्कवर कॉपी घ्या, मालकी-परवानग्या तशाच राहतात. व्हीएआर/स्पूल/कोहामध्ये कोहाचे रोजचे बॅकअप असतात, शेवटचा कोणत्या तारखेचा आहे तेही बघा.

मग रूट होऊन (टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजीत):

एपीटी-गेट -ओ डीपीकेजी::ऑप्शन्स::="--फोर्स-कॉन्फमिस" इन्स्टॉल --रिइन्स्टॉल मायएसक्यूएल-कॉमन मारियाडीबी-कॉमन मारियाडीबी-सर्व्हर

फोर्स-कॉन्फमिस म्हणजे गायब झालेल्या सेटिंगच्या फाइली परत ठेव. तिन्ही नावं द्या. माय.सीएनएफ.फॉलबॅक मायएसक्यूएल-कॉमनची, मारियाडीबी.सीएनएफ मारियाडीबी-कॉमनची आणि ५०-सर्व्हर.सीएनएफ सर्व्हरची. एकच घेतलंत तर पुढच्यावर अडकाल. एपीटी हटून बसलं तर डेब फाइली डाउनलोड करून डीपीकेजी -आय ला तोच फोर्स-कॉन्फमिस द्या.

टच कमांडने रिकामी फाइल करून एरर घालवायचा सल्ला कुठेतरी मिळेल, तो घेऊ नका. ५०-सर्व्हरमधली बाइंड-अ‍ॅड्रेसची ओळ नसेल तर सर्व्हर फक्त १२७.०.०.१ वर (म्हणजे त्याच मशीनपुरता) न राहता सगळ्या नेटवर्कवर ऐकायला लागतो. कॉलेजच्या वायफायवर ते नको.

ग्रंथपाल_तालुका:
झालं! तिन्ही पॅकेजं कॉन्फिगर झाली, कोहा उघडलं, सभासद आणि पुस्तकं जागेवर आहेत. बॅकअप परवाचा निघाला. पण रिपोर्ट पूर्वीपेक्षा फार हळू येतोय.

जुनाट_टर्मिनल:
फाइली आल्या त्या पॅकेजमधल्या मूळ प्रती. आधीच्या माणसाने केलेले बदल फोल्डरबरोबर गेले. बहुतेक इनोडीबी बफर पूल (डेटाबेस डेटासाठी वापरतो ती मेमरी) वाढवलेला असणार, मूळ आकार १२८ एमबी असतो. रॅम किती आहे?

आणि त्याच फोल्डरात कोहा-कॉमन.सीएनएफ ही लिंक असते, डेबियन.सीएनएफकडे नेणारी. ती या कमांडने येत नाही. रोजच्या देवघेवीत अडणार नाही, पण कोहा-क्रिएटने नवं इन्स्टन्स (कोहाची वेगळी प्रत) करायला गेलात तर तिथे थांबेल.

ग्रंथपाल_तालुका:
रॅम ८ जीबी, कोहा त्याच मशीनवर. लिंक बघतो.

जुनाट_टर्मिनल:
मग बफर पूलला २ जीबीपासून सुरुवात करा. ५०-सर्व्हरमध्ये न लिहिता त्याच फोल्डरात ९९ ने सुरू होणारी आपली वेगळी फाइल करा, पुढच्या अपडेटला 'जुनी ठेवू की नवी' हा प्रश्न येणार नाही. मग सर्व्हिस रिस्टार्ट.