बोलेरो धूर मारून राह्यली, इंजिन बदलू, बांधू का गाडीच विकू?

काळी_माती (आर्णी)
राम राम मंडळी. बोलेरो डिझेल, २०११ ची, बाबांनी घेतलेली, २ लाख ७० हजार किमी झाले. मागच्या दिवाळीपासून ऑइल खाऊन राह्यली, पहिले महिन्याले पावशेर लागे, आता हजार किलोमीटरले दीड लिटर टाका लागते. चढावर पिकअप नाई अन् निळा धूर असा का मागचा मोटरसायकलवाला शिव्या देत पुढं जाते. थंडीत तर चार-पाच सेल्फ मारल्याशिवाय चालूच होत नाई.

गावातल्या मेस्त्रीनं चालू गाडीत ऑइलचं झाकण काढून दाखवलं, चुलीवानी धूर निंघत होता. म्हणे इंजिन संपलं. फुल काम, म्हणजे हेच इंजिन खोलून नवीन रिंगा-पिस्टन टाकून परत बांधाचं, ७५ हजार, नाहीतर त्याच्या ओळखीत सेकंड हँड इंजिन हाय, ५५ हजारात दोन दिवसात बसवून देतो. दुसरा मेस्त्री म्हणते कायले पैसे घालतं, आहे तशी विक, एखादा लाख येईल. आता कापूस घरात यायचाय, हातात पैसा नाई, आरसीची १५ वर्षं पुढच्या वर्षी संपते, अन् आईले दर महिन्याले सावंगीले दवाखान्यात न्या लागते त्याच्यानं गाडीबिगर जमत नाई. काय करू?

पाना_पक्कड (यवतमाळ)
भाऊ २२ वर्षं झाले गॅरेजवर आहो म्हणून सांगतो, झाकणातून धूर पाहून इंजिन संपलं म्हणणारा मेस्त्री अर्धंच पाहून राह्यला. अर्धं बरोबर आहे, रिंगा (पिस्टनवरच्या कड्या) घासल्या का कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, खाली उतरते अन् तोच धूर होऊन झाकणातून येते. पण तुही गाडी टर्बोची आहे, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा आहे. टर्बोचं सील गेलं तरी निळाच धूर येते अन् ऑइलही तसंच खाते. आधी टर्बोपासून इंटरकूलरले (ती हवा थंड करणाऱ्या जाळीले) जाणारा पाइप खोलून पाय. थोडी ओल असते ती चालते, पण आतून ऑइलचा ओघळ निंघाला तर टर्बोवर संशय घे. अन् ते तसंच चालवू नको, टर्बो जास्त ऑइल फेकायला लागला तर डिझेल इंजिन त्या ऑइलवरच पळते, चावी बंद केली तरी थांबत नाई. माह्या डोळ्यानं एक पायलं आहे, बाप्पा, पोरं गॅरेज सोडून पळाले होते.

धूर कवा येते ते पण ध्यानात घे. रातभर उभी गाडी सकाळी चालू केल्यावर एक भपका मारून बंद होत असंन तर बहुतेक व्हॉल्व्हचे सील, ते तर हेडचंच (इंजिनच्या वरच्या भागाचंच) काम, कमी पैशात होते. चढावर, लोडवर सतत येत असंन तर रिंग नाहीतर टर्बो.

मंग कॉम्प्रेशन टेस्ट कर, डिझेलचं गेज असलेल्याकडंच, पेट्रोलचं गेज चालत नाई. चांगल्या डिझेलले साधारण ३५० ते ४५० पीएसआय येते. पण आकड्यापेक्षा चारही सिलिंडर एकसारखे आहे का ते मोठं. एखादाच खाली असंन तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत घ्यायचं, आकडा वर आला तर रिंग-बोर (बोर म्हणजे पिस्टन फिरते ती नळी), नाई आला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. चमचाभरच हं, डिझेल इंजिनात पिस्टनच्या वर जागा कमी असते, जास्त ओतलं तर कॉनरॉड (पिस्टनचा दांडा) वाकते. हे सगळं हजार-दीड हजारात होते, अन् त्याच्याआधी ५५ हजाराचं इंजिन घेणं म्हणजे ताप न पायता सलाइन लावणं.

वर्धेवाला
सेकंड हँड इंजिनचं मी करून बसलो आहो म्हणून लिहितो. माझी दुसऱ्या कंपनीची गाडी होती, इंजिन आलं पोत्यात गुंडाळून, कुठल्या गाडीचं, किती चाललं, कोणाले माहीत नाही. तो म्हणे अॅक्सिडेंटच्या गाडीचं आहे, कमी चाललेलं. तीन महिने मस्त चाललं मग तेही ऑइल खायला लागलं म्हणजे मी माझ्या म्हाताऱ्या इंजिनच्या जागी दुसऱ्याचं म्हातारं आणून ठेवलं होतं. त्यात इंजिन नंबर आरसीवर चढवायला गेलो तर जुन्या गाडीचं बिल अन् कागद मागितले, ते देणाऱ्याकडं नव्हतेच. चोरीच्या गाडीचं निघालं असतं तर मी पोलीस स्टेशनात. तुझं जुनं इंजिन बांधलं तर ब्लॉक तोच अन् नंबरही तोच, ही कटकटच नाही.

डोंगरकड्या
विकून टाक बे. त्या पैशाची म्हैस घे, ती ऑइल खात नाई.

वावरवाली
म्हैस काय सावंगीला नेते का भाऊ आईला 😄

काळी_माती, मी मेकॅनिक नाही पण आमच्या घरी हेच झालं होतं, म्हणून हिशोब सांगते. इंजिनआधी गाडीखाली आडवं होऊन चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, पहा. आमच्या गाडीचं इंजिन बांधलं, ७० हजार घातले, आणि आठ महिन्यांनी समजलं की मागच्या बाजूची चेसिस गंजून पापड झाली, वेल्डिंगवाला हात लावेना. इंजिन ठणठणीत आणि गाडी भंगार. आरसी संपली की पुढं पाच वर्षांसाठी रिन्यू होते, फिटनेस पाहतात, कारची फी २०२२ पासून ५ हजार झाली आहे आणि वरून पर्यावरण कर वेगळा. म्हणजे तुम्ही ७५ हजार घालाल ते पुढच्या पाच-सहा वर्षांसाठी. तेवढी वर्षं चेसिस, फ्लोअर, गिअरबॉक्स टिकत असेल तरच घाला. आणि एक लाख येतील म्हणतात ते धूर मारणाऱ्या गाडीचे येणार नाहीत, घेणारा आधी झाकणच काढतो.

पाना_पक्कड (यवतमाळ)
ताईचं बरोबर आहे. अजून एक. इंजिन घासलं कायनं ते शोधल्याबिगर बांधू नको. आपल्याकडं वावराचे रस्ते, उन्हाळ्यात अन् कापसाच्या गाड्या चालू झाल्या का फुफाटा, अन् लोक एअर फिल्टर झटकून झटकून तोच वापरते. फिल्टरपासून इंजिनकडं जाणारा रबरी पाइप चिरला असंन तर मातीच पिस्टनात जाते, पॉलिश पेपरवानी बोर घासते. नवीन रिंगा टाकून पाइप तसाच ठेवला तर वर्षभरात परत माह्याकडंच येशीन.

काळी_माती (आर्णी)
सगळ्यायले धन्यवाद. काल यवतमाळले टेस्ट करून आलो. १, २, ४ मध्ये ३६० च्या आसपास आले, ३ नंबरमध्ये २४० च. ऑइल टाकल्यावर ३ नंबर ३३० पर्यंत चढला. इंटरकूलरच्या पाइपमध्ये ओल होती पण ओघळ नाई. अन् पाना भाऊ, फिल्टरपासून इंजिनकडं जाणारा तो रबरी पाइप खालच्या अंगानं बोटभर चिरला होता, वरून दिसतच नव्हता, आतून लाल माती. मायी चूक, दोन वर्षांत एकदाही काढून नाई पायला. चेसिस ठोकून पायली, चांगली हाय, फक्त एका फूटरेस्टची पट्टी गेली.

पाइप तर लगेच बदलला. सेकंड हँडवाल्याले नाई म्हणून सांगतलं. आता कापूस विकला का इंजिन बांधायचं, तोवर आईच्या दवाखान्यापुरतीच चालवतो. एकाच सिलिंडरचे रिंग-पिस्टन बदलून चालते का? त्यानं २८ हजार सांगतले.

पाना_पक्कड (यवतमाळ)
नाई चालत. ३ नंबर फुटला म्हणजे बाकीचे रांगेत उभे आहे, माती चारहीत गेली. खोलायची मजुरी, गॅस्केट, ऑइल तेवढंच लागते, मंग सहा महिन्यात दुसरा खोलतं का? चारही बोर लेथवाल्याकडं मोजून घे, गोलाई बिघडली असंन तर बोर करून (आतून घासून मोठं करून) ओव्हरसाइज पिस्टन, नाहीतर स्लीव्ह (आत बसवायची नवीन नळी). लेथवाल्याले पहिले बोर करू देऊ नको, पिस्टन हातात आल्यावर त्याच्या मापानं बोर करा लागते, हे उलटं करणारे लय आहे. क्रँकच्या बेअरिंगा अन् ऑइल पंप त्याच वेळी पाय. बांधल्यावर पहिले हजार किलोमीटर गाडी भरून नेऊ नको, वेचणाऱ्या बायांची ट्रिप तर अजिबात नाई, अन् पाचशेले ऑइल बदल.

तोवर डिकीत एक लिटर ऑइल ठेव अन् सावंगीले निंघायच्या आधी ऑइलची दांडी पाहूनच सेल्फ मार.