उत्तर: 'हँडमेड' म्हणजे हाताने गाठ मारलेलाच असं नाही

ताई, ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावरच्या दुकानात दोन्ही गालिच्यांवर 'हँडमेड'च लिहिलंय, मग एकाची किंमत तिप्पट का, असं विचारलंत. शब्द खोटा नाही, फसवा आहे. महागडा बहुधा नॉटेड, म्हणजे हाताने एकेक गाठ मारलेला असतो आणि स्वस्त तो टफ्टेड. टफ्टेडमध्ये हातातल्या बंदुकीने लोकर कापडात ठोसतात, मागे लेटेक्स (रबरी डिंक) फासून वर दुसरं कापड चिकटवतात. गाठ एकही नसते.

गालिचा उलटा करा. नॉटेडच्या पाठीवर समोरचीच नक्षी दिसते, गाठी मोजता येतात. पाठ कापडाने झाकलेली असेल तर टफ्टेड समजा. झालरही बघा: नॉटेडची झालर म्हणजे ताण्याचेच (विणताना ताणून धरलेल्या उभ्या दोऱ्यांचे) उरलेले धागे, टफ्टेडला ती वरून शिवतात. लेटेक्स काही वर्षांनी वाळून त्याची भुकटी गळते आणि लोकर सुटते. ते दुरुस्त करणं फारसं परवडत नाही.

नॉटेडच्या बिलावर ९/५४ असा आकडा असेल, तर त्याचा अर्थ आडव्या ०.९ इंचात ९ आणि उभ्या ४.५ इंचात ५४ गाठी. म्हणजे १० गुणिले १२, चौरस इंचाला १२०. ५/४० ला हाच हिशोब पन्नासच्या आसपास येतो. दुकानदार आकडा फुगवून सांगतात, तेव्हा पट्टी लावून पाठीवर दोन-तीन जागी स्वतः मोजा.

आकडा मोठा म्हणजे गालिचा चांगलाच असंही नाही. लोकर 'मेलेली', म्हणजे मेलेल्या मेंढीच्या कातड्यावरून काढलेली असेल तर ती चुरते. ग्वाल्हेरच्या हातविणीच्या गालिच्यांना २०२३ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकनाचा शिक्का) मिळालाय, पण तो शिक्का लोकर तपासत नाही.

आणि हो, कूलरच्या झोतात अंथरू नका. सुती ताणा ओल धरून कुजतो.