इंग्रजी साहित्याची परीक्षा : उजळणीला नेमकं काय कामाला आलं?

एम.ए. इंग्लिश, प्राध्यापकपदासाठीच्या नेट, सेट, झालंच तर इंग्लंडमधल्या मुलांची जीसीएसई (आपल्या दहावीसारखी परीक्षा). सल्ले उदंड मिळतात, म्हणून इथे फक्त स्वतः वापरलेलं सांगा. क्लासच्या जाहिराती कृपया नकोत.

सुरुवात मीच करते. आमच्या कॉलेजसमोर झेरॉक्सवाल्याकडे 'रेडी नोट्स' मिळायच्या. कॉपीची कॉपी, कडेची अक्षरं उडालेली, आणि कोणत्या वर्षीच्या सिलॅबसच्या ते देव जाणे. सुटका केली इग्नूच्या ईज्ञानकोश या साइटने. इग्नूच्या एम.ए. इंग्लिशचं साहित्य तिथे पीडीएफमध्ये फुकट आहे. घरी बसून शिकणाऱ्यांसाठी लिहिलेलं, त्यामुळे समजावून सांगण्याचा कंटाळा केलेला नाही. समीक्षा आणि थिअरीसाठी (साहित्याचे सिद्धांत) एमईजी-०५ हा कोर्स घ्या. अगदी अलीकडची थिअरी मात्र दुसरीकडून बघावी लागते.

— नांदेड

नेटवाल्यांसाठी. पेपर दोनमध्ये १०० प्रश्न, २०० गुण, चुकलं तरी गुण कापत नाहीत. माझा सगळा भर जुन्या प्रश्नपत्रिकांवर होता, पण नुसती उत्तरं जुळवून उपयोग नाही. उत्तरसूची फक्त पर्याय सांगते. उरलेले तीन पर्याय कुठले, कोणाचे, कधीचे हे मी वहीत लिहायचो. एका प्रश्नाला अर्धं पान जायचं.

कालानुक्रमाच्या प्रश्नांत याचा खरा फायदा. देरिदाचं 'ऑफ ग्रॅमॅटॉलॉजी' फ्रेंचमध्ये १९६७चं, स्पिवाक यांचं इंग्रजी भाषांतर १९७६चं. बेकेटचं 'वेटिंग फॉर गोदो' हे नाटक पॅरिसच्या रंगमंचावर मूळ फ्रेंचमध्ये १९५३ला आलं, लंडनला इंग्रजीत १९५५ला. प्रश्नात मूळ विचारलंय की भाषांतर, ते आधी वाचा. माझ्या वहीत प्रत्येक नावापुढे दोन रकाने होते, एक मूळचा, एक भाषांतराचा.

— कोल्हापूर

सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेतं, आणि जुने पेपर त्यांच्याच सेटच्या साइटवर आहेत. तिथून उतरवा. बाकी ठिकाणचे पेपर अर्धवट असतात.

— म्हापसा

टेलिग्रामवरच्या ग्रुपांमधून पाच जीबी पीडीएफ गोळा केल्या. उघडल्या किती, विचारू नका.

— परभणी

टी.वाय.बी.ए.चे पेपर तपासतो, म्हणून टेबलाच्या पलीकडून सांगतो. एकाच गाईडमधला परिच्छेद गठ्ठ्यातल्या निम्म्या उत्तरपत्रिकांत येतो, तोही त्याच स्पेलिंगच्या चुकीसकट. कवितेतल्या दोन ओळी बरोबर उद्धृत करून त्यांवर स्वतःची चार वाक्यं लिहिणारा मुलगा तिथे लगेच उठून दिसतो, इंग्रजी मोडकं असलं तरी. शेक्सपिअरसाठी फोल्जर लायब्ररीच्या साइटवर नाटकांची पूर्ण संहिता मोफत वाचता येते. पारिभाषिक संज्ञांना एब्रम्सची ग्लॉसरी. ती कपाटात ठेवायची नाही, हाताशी ठेवायची.

— सातारा

आम्ही लंडनजवळ राहतो, मुलीची जीसीएसई झाली. तिचं बोर्ड एक्यूए. लिटरेचरचा पेपर 'क्लोज्ड बुक', म्हणजे पुस्तक जवळ नाही, अवतरणं डोक्यात हवीत. बीबीसीची बाइटसाइज ही अभ्यासाची साइट कथानकाला ठीक आहे, पण तिचं गाडं हललं ते बोर्डाच्या साइटवरच्या मार्क स्कीममुळे, म्हणजे गुण कशाला किती याच्या तक्त्यामुळे. शेक्सपिअरच्या प्रश्नाला ३४ गुण : मुद्दा आणि दाखल्याला १२, भाषा-रचनेला १२, काळाच्या संदर्भाला ६, शुद्धलेखनाला ४. तिने स्वतःचं 'मॅकबेथ'वरचं उत्तर घेतलं आणि वाक्यावाक्याला तीन रंगांच्या पेनांनी खुणा केल्या. भाषेचा रंग जवळजवळ नव्हताच! सगळी गोष्टच सांगून ठेवली होती. पुढे तिने लांब अवतरणं सोडून तीन-चार शब्दांचीच पाठ केली आणि त्यातल्या एकेका शब्दावर बोलायला लागली. त्या वर्षी आमच्या जेवणाच्या टेबलावर लेडी मॅकबेथ फार वेळा आली.

— सरेहून

मूळ पुस्तक वाचायला वेळ नाही म्हणणाऱ्यांना : रोज एस.टी.ने जाऊन-येऊन दोन तास असायचे, लिब्रीव्हॉक्स या फुकट ऑडिओबुकांच्या साइटवर कादंबऱ्या ऐकल्या. वाचणारे हौशी असतात, एखादा अगदीच रटाळ निघतो, तेव्हा दुसरं रेकॉर्डिंग शोधायचं. सोबत प्रोजेक्ट गुटेनबर्ग या फुकट ई-पुस्तकांच्या साइटवर तेच प्रकरण उघडून ठेवायचं. डिकन्स, हार्डी, ऑस्टिन भरपूर. बेकेट-पिंटर नाहीत, कॉपीराइट आहे.

— संगमनेर

भाषाविज्ञानाच्या युनिटचं कोणीच बोललं नाही! मी मराठी माध्यमाची, फोनेटिक्सची चिन्हं बघूनच घाम फुटायचा. केंब्रिजच्या ऑनलाइन डिक्शनरीत उच्चार ऐकू येतो आणि शेजारी चिन्हंही दिसतात. आधी ऐकून कागदावर स्वतः लिहायचं, मग ताडून बघायचं. वाक्यरचनेच्या ट्री डायग्रामसाठी असं काही कोणी वापरलंय का?

— लातूर