करंजाच्या बियांचे तेल: द्रावक बदलला की उतारा का बदलतो?

बीजवेध:
नमस्कार. रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी करंजाच्या बियांचे तेल काढून त्याचे विश्लेषण करीत आहे. आमच्याकडे कालव्यांच्या आणि रस्त्यांच्या कडेने करंज भरपूर आहे. उन्हाळ्याच्या तोंडी झाडांखाली शेंगांचा सडा पडतो, पण तो वेचून नेणारे फार थोडे. शेंगवर्गातले, मुळांवरच्या गाठींतून नत्र स्थिर करणारे, मुद्दाम पाणी न देताही वाढणारे हे झाड केवळ सावलीपुरते राहावे याचे मला वाईट वाटते, आणि म्हणूनच या तेलाबद्दल जे लिहीन ते काटेकोर असावे अशी माझी इच्छा आहे.

मगज (बीमधला गर) दळून मी सॉक्सलेटमध्ये (द्रावक पुन्हा पुन्हा फिरवून तेल काढण्याच्या उपकरणात) एकदा पेट्रोलियम ईथर आणि एकदा इथेनॉल वापरले. इथेनॉलचा उतारा (निघालेल्या अर्काचे प्रमाण) स्पष्टपणे जास्त आला, मात्र तो अर्क काळपट आणि चिकट आहे. मग इथेनॉल अधिक चांगला द्रावक म्हणावा काय? दुसरे असे की, पोत्यात वर्षभर राहिलेल्या बियांच्या तेलाचे आम्लमूल्य (तेलातील मुक्त आम्लांचे माप) ताज्या बियांच्या तेलाच्या कित्येक पट भरले. या दोन्हींची सरासरी देणे योग्य ठरेल का? शिवाय घाण्यावरून आणलेल्या तेलाच्या बाटलीत तळाशी फिकट रंगाचे स्फटिक बसले आहेत. ते स्टिअरिक आम्ल समजून गाळून टाकावेत आणि मगच साबणीकरण मूल्य (तेलाचा साबण होण्यास लागणाऱ्या अल्कलीचे माप) काढावे, असे एका मित्राचे मत आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त_तेलरसायनी:
आपले तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. बियांतील तेलाचे प्रमाण म्हणून आपण जो आकडा लिहितो तो प्रत्यक्षात ‘अमुक द्रावकात, अमुक वेळात, अमुक कोरडेपणाच्या मगजातून विरघळून आलेला भाग’ एवढाच असतो, त्यामुळे द्रावकाचे नाव वगळले की त्या आकड्याला अर्थ उरत नाही. इथेनॉल ध्रुवीय आहे. तो तेलाबरोबर शर्करा, फॉस्फोलिपिडे, फिनॉलिक रंगद्रव्ये आणि मगजातला ओलावाही ओढून आणतो. पडताळा सोपा आहे: इथेनॉलचा अर्क पूर्ण कोरडा करून पेट्रोलियम ईथरमध्ये पुन्हा विरघळवावा आणि मागे राहिलेला अविद्राव्य भाग वजन करून वजा करावा. माझा अंदाज आहे की दोन उताऱ्यांमधील बरेचसे अंतर तेथेच भरून निघेल.

उतारा कशाच्या वजनावर काढला हेही लिहावे. अख्खी शेंग, बी, मगज आणि कोरडा मगज या चार पायांवर चार वेगळी उत्तरे येतात. करंजासाठी साधारण २७ ते ३९ टक्के असा पल्ला वाङ्मयात दिसतो. तो एवढा रुंद असण्यास झाडाझाडांमधील फरक कारणीभूत आहे, तसाच हा पाया न सांगण्याचा ढिसाळपणाही आहे. गावच्या घाण्यावर १८ ते २२ टक्के आणि एक्सपेलरवर (तेल दाबून काढणाऱ्या यंत्रावर) २४ ते २७ टक्के तेल मिळते असे सांगितले जाते. उरलेले पेंडीत राहते.

आता स्फटिकांविषयी. ते गाळून टाकू नका. करंजाच्या तेलात करंजिन आणि पोंगामॉल ही फ्युरॅनोफ्लॅव्होनॉइड गटातली संयुगे असतात, आणि त्यांपैकी करंजिन तेल थंडावले की पुष्कळदा स्फटिकरूपाने खाली बसते. १९२० च्या दशकात पुण्यात रसायनशास्त्रज्ञ द. बा. लिमये यांनी करंजाच्या तेलातून हे संयुग स्फटिकरूपात वेगळे करून त्याच्या रचनेचा अभ्यास केला होता. पुण्याच्या प्रयोगशाळेतले हे काम आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत फार क्वचित आढळते, आपण ते अवश्य नोंदवावे. शंका असल्यास थोडे स्फटिक मिथेनॉलमधून पुन्हा स्फटिकीकरण करून घ्यावेत आणि द्रवणांक पाहावा. स्टिअरिक आम्ल ६९ अंश सेल्सिअसच्या सुमारास वितळते, तर करंजिन १५८ अंशांच्या आसपास. एवढ्या अंतरामुळे निर्णय तात्काळ होईल.

साबणीकरण मूल्यावर याचा परिणाम होतो तो असा. करंजाच्या तेलात असाबणीकृत भाग, म्हणजे ज्याचा साबण होत नाही तो, साधारण ३ टक्के असतो, कधी त्याहून अधिक. हा भाग अल्कली खर्च करीत नाही, पण वजनात मात्र धरला जातो. शुद्ध ट्रायओलीनचे (फक्त ओलेइक आम्लाच्या ट्रायग्लिसराइडचे) साबणीकरण मूल्य १९० धरले, तर केवळ ३ टक्के असाबणीकृत भागामुळे ते १८४ पर्यंत उतरते. शिवाय या तेलात बेहेनिक आणि लिग्नोसेरिक ही लांब साखळीची आम्ले थोड्या प्रमाणात असतात, आणि त्यांचाही ओढा खालच्याच बाजूला असतो. म्हणून आकडा थोडा कमी आला तर प्रयोगावर शंका घेण्याआधी असाबणीकृत भाग स्वतंत्रपणे मोजावा. नमुना घेताना तेल हलकेच गरम करावे, तळाचा गाळ पूर्ण विरघळू द्यावा, ढवळून एकजीव करावे आणि मगच वजन करावे.

घाणा_दापोली:
विश्लेषणाचे शिक्षण मी घेतलेले नाही, परंतु करंजाच्या बिया विकत घेणे आणि गाळणे हा आमचा जुना व्यवसाय आहे, म्हणून साठवणीबद्दल लिहितो. ओल्या जमिनीवर पडून राहिलेल्या शेंगा आणि झोडपून लगेच वाळवलेल्या शेंगा आम्ही कधीही एकत्र करीत नाही. शेंग बंद असेपर्यंत बी बऱ्यापैकी टिकते; फोडलेल्या बियांना दमट हवेत बुरशी लवकर धरते, आणि अशा बियांचे तेल काळे, उग्र वासाचे निघते. आपल्या वर्षभराच्या पोत्यात शेंगा होत्या की फोडलेल्या बिया, हे नमुन्याच्या माहितीत लिहिले तर वाचणाऱ्याला आम्लमूल्याचे कारण समजेल. सरासरी मात्र देऊ नये, कारण तसे तेल बाजारात कोठेही अस्तित्वात नसते. आणखी एक विनंती: हे तेल कडू आणि अखाद्य आहे, तेव्हा प्रयोगशाळेत बाटलीवर ठळक चिठ्ठी लावावी.

गॅसवर्णलेख:
घाणेवाल्यांचे निरीक्षण अगदी योग्य आहे, आणि त्यामागे लायपेज हे विकर (एन्झाइम) आहे. मगज फुटला किंवा दळला गेला की हे विकर तेलाच्या संपर्कात येते आणि ओलावा असेल तर ट्रायग्लिसराइडे तोडून मुक्त मेदाम्ले तयार करते. म्हणून मगज निष्कर्षणाच्या अगदी आधी दळावा. दळलेली पूड आठवडाभर ठेवून मग वापरू नये.

आम्लमूल्याच्या अनुमापनात (टायट्रेशनमध्ये) करंजाच्या तेलाचा गडद रंग अडचण करतो. फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग त्यात नीट दिसत नाही, त्यामुळे अल्कली ब्लू ६बी हा सूचक घ्यावा किंवा रंगाऐवजी विद्युत विभव मोजणारे विभवमापी अनुमापन करावे. तेल ज्या अल्कोहोल-ईथर मिश्रणात विरघळवता ते आधी उदासीन केलेले असावे. आम्लमूल्याला १.९९ ने भागले की ओलेइक आम्लाच्या रूपात मुक्त मेदाम्लांचे टक्के मिळतात. ही रूपांतरित संख्या आणि मूळ आम्लमूल्य यांची गल्लत बऱ्याच लेखांत झालेली दिसते. बायोडिझेलचा विचार असेल तर मुक्त मेदाम्ले २ टक्क्यांच्या वर गेल्यावर थेट अल्कली उत्प्रेरक वापरता येत नाही, साबण होऊन थर वेगळे होत नाहीत. आधी मिथेनॉल आणि सल्फ्युरिक आम्लाने एस्टरीकरण करावे लागते. आपल्या दोन नमुन्यांतील फरकाचे खरे महत्त्व येथे आहे.

मेदाम्लांचे प्रमाण मिथिल एस्टर करून गॅस क्रोमॅटोग्राफवर पाहावे. ओलेइक आम्ल सर्वांत जास्त, ४५ ते ७० टक्क्यांच्या पल्ल्यात येईल. पण ओलेइक आणि लिनोलेइक दिसले की धाव थांबवू नये. बेहेनिक आणि लिग्नोसेरिकची शिखरे बऱ्याच उशिरा येतात, आणि ती सुटली की बाकी सर्व टक्केवारी खोटी फुगते. करंजिन या पद्धतीने मोजू नये. त्यासाठी अतिनील शोधक असलेला द्रव क्रोमॅटोग्राफ वापरावा.

बीजवेध:
आपणा सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही लॉट वेगळे ठेवतो आणि इथेनॉलचा अर्क पेट्रोलियम ईथरमध्ये पुन्हा विरघळवून पाहतो. एक शंका उरते: सॉक्सलेट किती वेळ चालवावे? सायफनमधून येणारा द्रव पूर्ण रंगहीन होतच नाही.

निवृत्त_तेलरसायनी:
करंजात रंगावर विसंबू नये. सायफनच्या द्रवाचा थेंब घड्याळकाचेवर सुकवून डाग राहतो का ते पाहावे. अधिक भरवशाचा मार्ग म्हणजे तेलबियांसाठीच्या आयएसओ ६५९ या प्रमाण पद्धतीतला क्रम: चार तास निष्कर्षण, नमुना काढून पुन्हा दळणे, दोन तास निष्कर्षण, परत दळणे आणि आणखी दोन तास. पहिल्या दळणात न फुटलेल्या पेशींतले तेल केवळ वेळ वाढवून बाहेर येत नाही, ते दळल्यावरच येते. हेक्झेन किंवा पेट्रोलियम ईथर तापवताना उघडी ज्योत मुळीच नको, पाण्याचे तापपात्र वापरावे.

संदर्भ शोधताना मिलेशिया पिनाटा एवढेच नाव घालून थांबू नये. पोंगामिया पिनाटा, पोंगामिया ग्लाब्रा आणि डेरिस इंडिका ही याच झाडाची नावे आहेत, आणि तेलावरचे जुने चांगले काम बहुतेक ग्लाब्रा या नावाखाली सापडते.